हॉलची जांभळी भिंत, भाग 4: सकाळी कारवी, रात्री कोको

मागच्या भागात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दुसरा हात झाला, आता फक्त वरचं कटिंग, म्हणजे छताजवळची कड रंगवणं, राहिलं. ते शब्द गिळतेय.

रविवारी सकाळी भिंत अगदी मनासारखी होती. धुरकट, राखाडीकडे झुकलेली, कारवी फुलल्यावर लांबून डोंगर दिसतो तशी. चहाचा कप घेऊन मी पंधरा मिनिटं नुसती समोर बसले होते. संध्याकाळी सातला दिवे लावले आणि भिंत तपकिरी! जांभळ्याचा मागमूस नाही. दुधात कोको कमी पडला की जो रंग होतो, तो. आई देवापुढे निरांजन लावून वळली आणि म्हणाली, "अगं, ओली आहे का अजून?"

ओली नव्हती. चांगली दोन दिवस सुकलेली होती.

पहिला संशय अर्थातच डब्यावर. भिंत 16 बाय साडेनऊ, म्हणजे 152 चौरस फूट. डब्यावर लीटरला दोन हातांचे 130 ते 140 लिहिलेले, आणि मी प्रायमरचा एकच हात मारलेला, त्यामुळे पुट्टीने रंग घटाघटा प्यायला. खिडकीकडचा तुकडा राहिला आणि दुसरा लीटर बनवून आणावा लागला. दोन्ही डबे एका बादलीत ढवळून मगच रोलर बुडवायचा, हे भाग 2 मध्ये मीच शहाणपणाने सांगितलं होतं. हसा. पण रात्री दोन्ही डब्यांचे भाग सारखेच तपकिरी दिसत होते. म्हणजे डब्यांची चूक नव्हती.

मग उरलेल्या रंगाचे दोन हात एका जाड पुठ्ठ्यावर मारले आणि तो घेऊन घरभर हिंडले. बाल्कनीत: बरोबर. बाथरूमच्या 6500 केल्विनच्या ट्यूबखाली (केल्विनचा आकडा लहान तेवढा उजेड पिवळा, मोठा तेवढा निळसर): निळसर, दाताच्या दवाखान्यासारखा. स्वयंपाकघरात 4000 खाली: सहन होईल असा. हॉलमध्ये: कोको. हॉलचे दिवे 3000 चे, खोक्यावर सीआरआय 80 (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे गुण, 100 पैकी).

कारण कळल्यावर स्वतःचाच राग आला. मळका जांभळा म्हणजे निळा, लाल आणि काळपट यांची जेमतेम जमवलेली मोट. पिवळ्या उजेडात निळं फारसं नसतंच, मग भिंत परतवणार काय? निळा गळला की लाल आणि राखाडी उरतात, आणि त्या दोघांना आपण तपकिरी म्हणतो. गडद वांगी रंगात एवढा निळा असतो की थोडा गळला तरी खपून जातं. आपल्या फिक्या, धुरकट शेडकडे तेवढी शिल्लकच नसते.

डब्यावरचा स्टिकरही तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. दुकानातलं मशीन कोणतं टिंटर, म्हणजे रंगाचा अर्क, किती घालतं ते त्यावर छापलेलं असतं; फेकू नका. माझ्यात लाल म्हणून चक्क रेड ऑक्साइड आहे. म्हणजे गेरूच की! पिवळ्या दिव्याखाली तो विटकरीच दिसणार.

चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सीआरआय 90 चे दिवे मागितले. "मॅडम, सीआरआय कोण विचारतं? वॉट सांगा." शेवटी ऑनलाइन मागवले, 4000 केल्विन, नव्वदच्या वरचे. लावल्यावर भिंतीचा वरचा अर्धा भाग जिवंत झाला. खालचा अर्धा मात्र तसाच गढूळ, जणू कुणी कंबरेपर्यंत चहात बुडवलाय.

यात तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी इस्त्रीसाठी काढलेली पांढरी चादर फरशीवर पसरली होती आणि तिच्यामागची भिंत तेवढीच जांभळी दिसत होती! चादर सरकवली, जांभळा सरकला. मुलाला बोलावून दाखवलं, तो "हं" म्हणून गेला. तुम्हाला तरी आनंद होईल म्हणून सांगतेय. आमची फरशी पिवळट हस्तिदंती, दिवे सरळ खाली रोखलेले. उजेड आधी फरशीवर आपटतो आणि पिवळा होऊन भिंतीवर चढतो. नवे दिवे कितीही चांगले असोत, वाटेत फरशी आहेच.

एक विजय नोंदवून ठेवते: छताची रेघ. गेल्या वेळी टेपखालून रंग झिरपला होता. या वेळी टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी छताचाच पांढरा फिरवला, तो सुकू दिला, मग जांभळा. झिरपायचं ते पांढरंच झिरपलं. जांभळा ओला असतानाच टेप ओढली आणि सोळा फूट रेघ सुरीने कापल्यासारखी निघाली. फोमचा रोलर मात्र घेऊ नका, भिंतीवर बुडबुडे उठतात. नऊ-दहा मिलिमीटर लवेचा मायक्रोफायबर घ्या.

फोटो मुद्दाम टाकत नाही. फोनचा कॅमेरा पांढरा आपल्या मनाने ठरवतो. माझी कोको भिंत त्यात सुंदर लव्हेंडर दिसतेय. तुम्ही टाकणार असाल तर भिंतीला एक कोरा कागद चिकटवून टाका, म्हणजे निदान खोटं पकडता येईल.

आईचं म्हणणं, रंग चांगला आहे पण "सुतक असल्यासारखं वाटतं." व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये काळे कपडे उतरवल्यावर दुखवट्याच्या शेवटच्या टप्प्यात राखाडी आणि फिका जांभळाच घालत, हे मी तिला सांगितलेलं नाही.

ठरलं होतं असं: निळसर राखाडी सतरंजी घालायची, रंगाला हात लावायचा नाही. मध्ये परवा दुसऱ्या दुकानातून 200 मिलीचा नमुना आणला, तशीच शेड पण ऑक्साइडऐवजी मॅजेंटा घालून. जुन्या 3000 च्या दिव्याखालीही तो पुठ्ठा जांभळाच राहिला, जरा जांभळाच्या सरबताकडे गेला इतकंच. म्हणून पुन्हा रंगवायचा मोह आहे.

पण आत्ता हे लिहिताना सुचतंय, दिवे खालीच का रोखायचे? टीव्हीच्या कपाटावर दिव्यांची पट्टी ठेवून उजेड वर, भिंतीवरून छताकडे सोडला तर फरशी मध्ये येतच नाही. छत शुद्ध पांढरं आहे. पाच मीटरची पट्टी माळ्यावर पडून आहे, गणपतीच्या मखरातली. तिचा सीआरआय देवालाच ठाऊक. उद्या लावून बघते, तोवर मॅजेंटावाला डबा बनवू नका असं दुकानात फोन करून सांगितलंय.