तिसऱ्या पानाची वाट

आमच्या सांगलीकडच्या घरी दावणीला दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. वैरण कापायची, भारा डोक्यावरून आणायचा, कुट्टी करून गव्हाणीत टाकायची. गुरं जागेवर, फिरायचं माणसानं. इथे न्यूझीलंडच्या वायकाटोत सगळं उलटं. गुरं फिरतात, माणूस नुसती कुंपणाची तार सरकवतो.

मी भाड्यानं राहतो ते घर एका फार्मवर आहे. घरमालकाकडे अँगस आणि हेरफर्ड जातीचे खच्ची केलेले गोऱ्हे आहेत, मांसासाठी. (आईला वाचून दाखवताना ताई हे वाक्य गाळणार, मला माहीत आहे.) मी स्वतः बीफ खात नाही, पण शनिवारी त्याच्याबरोबर रानात जातो.

हा बाबा जनावराकडे कमी आणि गवताकडे जास्त बघतो. गुडघ्यावर बसून रायग्रासची पानं मोजतो! एका फुटव्यावर एका वेळी तीनच पानं जिवंत राहतात. चौथं आलं की पहिलं वाळायला लागतं. तिसऱ्याच्या आधी चारलं तर गवताचा जोम जातो, उशीर केला तर खालचं वाया. वसंतात तिसरं पान तीन-चार आठवड्यांत येतं. आपल्याकडे आषाढात बांध हिरवेगार असतात तेव्हा इथे थंडी असते आणि त्याच पानाला दोन महिनेही लागतात. मग प्लॅस्टिकात गुंडाळलेलं मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, काढतात.

गवतात पांढरा क्लोव्हर मिसळलेला असतो. त्याच्या मुळांवर हरभऱ्यासारख्या गाठी, म्हणजे नत्र फुकट. पण उपाशी गुरं कोवळ्या क्लोव्हरवर सोडली की पोटफुगी. लसूणघासावर सुटलेली आमची जर्सी अशीच फुगली होती, ती रात्र अजून आठवते.

इथल्या मांसावरची चरबी पिवळसर असते, गवतातल्या कॅरोटीनमुळे. गाईचं तूप पिवळं असतं त्याचंही कारण हेच. काही देशांतल्या गिऱ्हाइकांना पांढरीच चरबी लागते, त्यामुळे चांगला मालही तिथे नाक मुरडून घेतला जातो.

मला नवल वाटलं ते शेवटच्या दोन दिवसांचं. दोन-अडीच वर्षं निगुतीनं चारलेलं जनावर गाडीत चढवताना बुजलं, पळालं, कळपात झुंजलं, तर त्याच्या स्नायूंतली साखर संपते. कापल्यावर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, ते काळपट पडतं आणि लवकर खराब होतं. म्हणून त्या दिवसांत कुत्रा बांधलेला असतो आणि कोणी आरडाओरडा करत नाही. मी एकदा सवयीनं ‘हैऽक’ केलं, तर मालकानं ओठांवर बोट ठेवलं.

फोनवर आई विचारत होती, “एवढ्या गुरांचं शेण कोण काढतं रे?”

“कोणीच नाही.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गोवऱ्या तरी थापा.”