‘रोख मिळालेड’चं कोडं सुटलं, कंसाचे शॉर्टकट बाद

लॅपटॉपवर माउस-क्लिकचा शॉर्टकट मधूनच मरतो, असं लिहून मागची नोंद अर्धी सोडली होती. कारण सापडलं. दोष लॅपटॉपचा नव्हता, बिलाच्या प्रोग्रामचा नव्हता, नव्या कीबोर्डचा तर नव्हताच. चौकोनी कंसानं सगळ्यांना फिरवलं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी आमची व्यवस्था थोडक्यात. मशिनं सहा, सगळ्यांवर एनव्हीडीए (पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) आणि मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी. चार डेस्कटॉपवर एनव्हीडीएची डेस्कटॉप मांडणी (त्याच्या शॉर्टकटांचा संच), दोन लॅपटॉपवर लॅपटॉप मांडणी आणि कॅप्स लॉक हेच एनव्हीडीए-बटण. हे एनव्हीडीए+कंट्रोल+के दाबून ठरवता येतं. खरोखरचा कॅप्स लॉक हवा असेल तर तेच बटण झटपट दोनदा दाबायचं. काम रावेर-सावद्याकडच्या केळीच्या गाड्यांच्या बिलांचं: वजन, भाव, गाडी नंबर, शेवटी शेरा.

प्रोग्राममधलं ‘जतन करा’ हे नुसतं चित्र आहे, टॅबनं तिथं पोचता येत नाही. ऑब्जेक्ट नेव्हिगेशननं, म्हणजे पडद्यावरचे घटक एनव्हीडीएनं एकेक करून चाचपत, पोचता येतं, पण एनव्हीडीए+एंटर दाबलं की ‘नो ॲक्शन’ ऐकू येतं. म्हणून माउस तिथं ओढून क्लिक करणं एवढाच मार्ग उरतो. डेस्कटॉप मांडणीत त्यासाठी एनव्हीडीए+नमपॅडचा भागाकार, मग नुसता भागाकार. लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए+शिफ्ट+एम, मग एनव्हीडीए+डावा चौकोनी कंस.

डेस्कटॉपवर हे एकदाही चुकलं नाही. लॅपटॉपवर दहापैकी चार-पाच वेळा क्लिकच होईना, आणि बिल छापल्यावर शेऱ्याच्या रकान्यात ‘रोख मिळालेड’, ‘बाकी उद्याड’ असं काहीतरी दिसे.

संशय आधी कीबोर्डवर गेला. गोलाणी मार्केटमधून साडेतीनशेचा साधा यूएसबी कीबोर्ड आणून लावला, फरक शून्य. आता कळतं की तो पडणारच नव्हता. एनव्हीडीएची मांडणी ही सेटिंग आहे. बाहेरून नमपॅडवाला कीबोर्ड जोडला म्हणून ती आपोआप डेस्कटॉपची होत नाही. तो कीबोर्ड मात्र कामाचा निघाला, एफ आणि जे वरचे उंचवटे बोटाला चटकन लागतात. त्याच्याबरोबर मिळणारं सिलिकॉनचं झाकण पहिल्याच दिवशी काढून ठेवावं, त्याखाली उंचवटे लपतात. धूळ चालेल, पण बोटाला जे सापडायला हवा.

मग इनपुट हेल्प, म्हणजे दाबलेल्या बटणाचं नाव सांगणारी एनव्हीडीएची सोय. एनव्हीडीए+१ दाबून कंसाचं बटण दाबलं, आवाज आला ‘लेफ्ट ब्रॅकेट’. तिथूनच विंडोज+स्पेस दाबून मराठी केलं, पुन्हा कंस, पुन्हा ‘लेफ्ट ब्रॅकेट’. म्हणजे भाषेचा संबंध नाही, असा निष्कर्ष काढला गेला आणि दोन दिवस वाया गेले. इनपुट हेल्प चालू असताना एनव्हीडीए सगळी बटणं स्वतःकडे अडवतो, आणि विंडोज+स्पेसही त्यातच अडकतं. तो फक्त नाव सांगतो, भाषा बदलतच नाही. दोन्ही वेळा चाचणी इंग्रजीतच झाली होती.

बरोबर क्रम असा: आधी विंडोज+स्पेसनं मराठी, ‘मराठी’ ऐकू आल्याची खात्री, मग एनव्हीडीए+१, मग कंस. आता आवाज आला ‘ड’.

एनव्हीडीए बटणाचं नाव विंडोजला विचारतो. अक्षरांच्या बटणांसाठी विंडोज कोणत्याही मांडणीत रोमन अक्षरच सांगतो. म्हणून मराठी चालू असतानाही एनव्हीडीए+एन नं मेनू उघडतो आणि वेबपानावर एच दाबून मथळे सापडतात. विरामचिन्हांच्या बटणांना ही सवलत नाही, तिथं चालू मांडणीत जे चिन्ह उमटतं तेच नाव. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या कंसाच्या जागी ड आहे, उजव्याच्या जागी नुक्ता, अर्धविरामाच्या जागी च, अवतरणचिन्हाच्या जागी ट, तिरक्या रेघेच्या जागी य, उलट्या रेघेच्या जागी ॉ, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ृ. म्हणजे एनव्हीडीएच्या कानावर ‘एनव्हीडीए+ड’ पडतं. असा शॉर्टकट त्याच्या यादीत नाही, म्हणून तो बटण पुढे विंडोजकडे सोडतो. कॅप्स लॉक मात्र स्वतःकडेच ठेवतो. विंडोजला फक्त ड मिळतो, आणि तो बसतो शेऱ्याच्या शेवटी.

मधूनच का, तेही यातच आलं. शेरा इंग्रजीत किंवा नुसत्या आकड्यात संपला की मांडणी इंग्रजी असे आणि क्लिक होई. मराठीत संपला की मेला. डेस्कटॉप मांडणीत क्लिक नमपॅडवर आहे, नमपॅडच्या भागाकाराला इनस्क्रिप्ट हात लावत नाही.

स्वल्पविराम आणि पूर्णविराम वाचतात, इनस्क्रिप्टमध्येही ते तसेच आहेत. शिफ्टसह स्वल्पविरामाला ष आणि पूर्णविरामाला दंड उमटतो, पण नाव ठरवताना शिफ्टशिवायचं चिन्ह धरलं जातं. म्हणून लॅपटॉप मांडणीतलं एनव्हीडीए+पूर्णविराम आणि त्याची शिफ्टवाली जोडी मराठीतही बिनचूक चालते. मार खातात ते क्लिकचे कंस.

पहिला उपाय: ‘एनव्हीडीए+ड’ हाच जादा शॉर्टकट म्हणून नोंदवायचा. एनव्हीडीएच्या मेनूत प्रेफरन्सेस, त्यात इनपुट जेश्चर्स (शॉर्टकट बदलण्याची खिडकी). फिल्टरमध्ये ‘क्लिक’ इंग्रजीत टाइप करायचं, म्हणजे तेव्हा मांडणी इंग्रजी हवी. यादीतून डाव्या क्लिकची आज्ञा निवडायची, मग विंडोज+स्पेस, मराठी ऐकू आलं की ‘ॲड’, मग कॅप्स लॉक+कंस. त्यावर छोटा मेनू येतो: फक्त लॅपटॉप मांडणीसाठी की सगळ्या मांडण्यांसाठी. निवडून ओके.

यात खड्डा असा की ‘ॲड’ दाबल्यानंतर भाषा बदलायची आठवण झाली आणि विंडोज+स्पेस दाबलं, तर तेच शॉर्टकट म्हणून नोंदलं जातं. मग भाषा बदलायला गेलं की माउसचा क्लिक होतो! ओके दाबलेलं नसेल तर कॅन्सल केलं की सुटका. दाबलं असेल तर एनव्हीडीए+एफ२ आणि त्यामागून विंडोज+स्पेस. एफ२ चा हुकूम पुढचं एक बटण सरळ विंडोजकडे पाठवतो. नंतर शांतपणे यादीत जाऊन ‘रिमूव्ह’.

डावा क्लिक चालू झाला, मूळचा इंग्रजीतला कंसही शाबूत राहिला. एक संध्याकाळ समाधानात गेली. मग उजव्या कंसाची पाळी. तिथं नुक्ता, आणि नुक्ता एकटा असला की ई-स्पीकच्या (एनव्हीडीएसाठी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या) आवाजात काय नोंदलं गेलं ते ऐकूच येईना. यादीत तो आधीच्या अधिकच्या चिन्हाला चिकटून बसतो, म्हणजे शेजारी बसलेल्या डोळस माणसालाही तो धड दिसत नाही. जो शॉर्टकट ऐकून तपासता येत नाही तो स्क्रीन रीडरवाल्याच्या काय कामाचा?

तिथंच बेत बदलला. चिन्हांचे जोडशॉर्टकट नोंदत बसण्याऐवजी चिन्हांवरचे शॉर्टकटच बाद केले. नियम आता एकच, नवा शॉर्टकट फक्त अक्षराच्या बटणावर. डावा क्लिक एनव्हीडीए+आल्ट+जे, उजवा एनव्हीडीए+आल्ट+के. करंगळी कॅप्स लॉकवर, अंगठा आल्टवर, उजव्या हाताची तर्जनी जे वरच्या उंचवट्यावर आधीच असते. दोन्ही सगळ्या मांडण्यांसाठी नोंदवले, डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर बसणाऱ्याला नव्यानं शिकायला नको. नोंदवण्याआधी एनव्हीडीए+१ मध्ये जोडी मोकळी आहे ना ते ऐकून घ्यावं. एम चा मोह झाला होता (माउसचा एम!), पण शिफ्टसह तो माउस हलवायला जातो आणि आल्टसह गणिताच्या मजकुरात शिरायला. उजव्या क्लिकची गरज तशी कमीच. शिफ्ट+एफ१० बहुतेक ठिकाणी तेच करतं आणि जास्त भरवशाचं आहे. जुन्या प्रोग्रामसाठी के ठेवला, एवढंच.

वेबपानांवरच्या आज्ञांचे शॉर्टकट बदलायचे असतील तर आधी ब्राउझरमध्ये पान उघडून ब्राउज मोडमध्ये (एनव्हीडीएनं पान वाचण्याच्या स्थितीत) असतानाच मेनू उघडावा. इनपुट जेश्चर्सच्या खिडकीत त्या क्षणी लागू असलेल्याच आज्ञा दिसतात. डेस्कटॉपवरून उघडून ‘यादीत नाहीच’ असं म्हणणारे बरेच भेटतात.

सहा मशिनांवर पसरवणं सोपं गेलं. सगळे बदल जेश्चर्स डॉट आयएनआय या एका फायलीत असतात. विंडोज+आर दाबून टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहिलं की त्या फोल्डरात एनव्हीडीए, त्यात ही फाइल. पेनड्राइव्हवरून तीच प्रत टाकायची, एनव्हीडीए+क्यू मधून रीस्टार्ट. ज्या मशिनवर आधीचे स्वतःचे शॉर्टकट असतील तिथं ते पुसले जातात, तेव्हा जुनी फाइल आधी बाजूला ठेवावी. नोटपॅडमध्ये उघडून काही बदललंच तर जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडावं. एएनएसआय निवडलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. लॉगिनच्या पडद्यावरही हेच हवं असेल तर जनरल सेटिंग्जमधलं ‘साइन-इनच्या वेळी सध्याच्या सेटिंग्ज वापरा’ या अर्थाचं बटण वेगळं दाबावं लागतं, ॲडमिनच्या अधिकारानं. त्या पडद्यांची सेटिंग्ज निराळ्या जागी असतात.

एका डेस्कटॉपवर अजून विंडोज ७ आहे. तिथं एनव्हीडीए २०२३.३.४ च्या पुढं जाता येत नाही, २०२४.१ पासून किमान विंडोज ८.१ लागतं. जे आणि के तिथंही चालले.

प्रोग्राम उघडण्याचे शॉर्टकट ही वेगळी बाब. आयकनवर आल्ट+एंटर, ‘शॉर्टकट की’च्या रकान्यात नुसतं बी दाबलं की कंट्रोल+आल्ट+बी आपोआप बसतं. आयकन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच राहिला पाहिजे. आवरासावर म्हणून डॉक्युमेंट्समध्ये हलवला की शॉर्टकट गप्प. आकड्यांवर मात्र काही बांधू नये, चारवर तर मुळीच नाही. उजवा आल्ट म्हणजे विंडोजच्या लेखी कंट्रोल+आल्टच, आणि भारतीय मांडण्यांत उजवा आल्ट+४ म्हणजे ₹. एका मशिनवर कुणीतरी कंट्रोल+आल्ट+४ कॅल्क्युलेटरला दिलं होतं. रुपयाचं चिन्ह टाकायला जावं तर कॅल्क्युलेटर पुढ्यात! ते काढलं आणि ₹ परत आला. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त आनंद बहुधा त्यानंच दिला.

मराठी आणि इंग्रजी आवाजाची दोन प्रोफाइलं (एनव्हीडीएच्या सेटिंग्जचे संच) करून त्यांनाही शॉर्टकट द्यायचा बेत होता. इनपुट जेश्चर्समध्ये प्रोफाइलांचा वेगळा गट आहे, त्यामुळे अडचण नाही. पण ई-स्पीकचा मराठी आवाज रोमन लिपीतले शब्द इंग्रजी म्हणूनच वाचतो, मग बिलांच्या कामाला दुसरं प्रोफाइल कशाला? आता ते फक्त वेगासाठी ठेवायचं ठरतंय: शिकणाऱ्यासाठी ४०, सरावलेल्यासाठी ७०. अहिराणी मजकूरही याच आवाजात ऐकला. ‘ऱ्हायना’ मधला ऱ्ह बऱ्यापैकी उच्चारतो. टाइप करताना तो शिफ्ट+जे, डी, यू. जे वर शॉर्टकट बांधल्यामुळे याला धक्का लागत नाही, हेही तपासून झालं.

राहिलं विंडोज १० मध्ये २०१९ साली आलेलं मराठी फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारा कीबोर्ड. तिथं कंस काय नाव सांगतो ते पुढच्या नोंदीत.

आणि राहिली जुन्या बिलांतली घाण. शेऱ्यांच्या शेवटी अडकलेले ड एका झटक्यात ‘रिप्लेस ऑल’नं उडवू नयेत. प्रतीवर करून पाहिलं तर गायकवाडांचे सगळे गायकवा झाले, आणि ‘केळी गोड’चं ‘केळी गो’. फक्त ‘लेड’ आणि ‘द्याड’ शोधून, एकेक ओळ ऐकत, हातानंच काढणं चालू आहे.