आमची वाटचाल: ताडपत्रीच्या दुकानातून सॅकच्या कारखान्याकडे

आमचं मूळ काम ताडपत्र्यांचं. कांद्याची चाळ, द्राक्षाची क्रेट, ट्रकची मागची बाजू, लग्नाचा मांडव, नाशिकच्या आसपास काहीही झाकायचं असलं की वडिलांकडे माप यायचं. मी जुकी या शिलाई मशीनवर बसायला शिकलो ते जाड कापडावरच. पाणी कापडातून फारसं शिरत नाही, सुईने पाडलेल्या भोकांतून शिरतं, हे मला ताडपत्रीने शिकवलं. ट्रेकिंगचं जॅकेट आत-बाहेर उलटून शिवणीवर टेप आहे का ते बघायची सवय त्यातूनच लागली. टेप नसेल तर वरचं कापड कितीही भारी असू दे, पावसाळ्यात ते जॅकेट नुसतं वारा अडवणारं विंडचीटरच समजायचं.

नाशिकला गडांची कमी नाही. त्र्यंबक बाजूला अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, उत्तरेला साल्हेर, दक्षिणेला कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग. तिकडून सोमवारी सकाळी फाटलेल्या सॅक आमच्या दुकानात यायला लागल्या, कारण चांभार म्हणायचा जमणार नाही आणि शिंपी म्हणायचा सुई मोडेल. बरीच वर्षं आम्ही नुसती दुरुस्ती केली. आमचं खरं शिक्षण तेच. सॅक मधोमध क्वचित फाटते. खांद्याचा पट्टा वर जिथे पाठीला जोडलेला असतो तिथे उसवते, नाहीतर चेनचा रनर जातो, नाहीतर आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटतात. ग्राहक विचारतो, कापड किती डेनियरचं? डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. 1000 डेनियरच्या कापडावरही पट्टा एकाच टाक्याच्या रांगेवर लटकत असेल, तर तो राजगडला पोहोचेपर्यंत टिकला तरी पुष्कळ. आम्ही स्वतःची सॅक बनवायला घेतली तेव्हा पट्ट्याचं टोक दोन थरांत खोल घालून वर बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट टाके, मारायचं, हे आधी ठरलं. रंग नंतर.

साइजही आम्ही लिटरवरून सुरू करत नाही. मान खाली वाकवली की मागे जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप लावतो. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. पाठीचं माप जुळलं तरच कमरेचा पट्टा कमरेवर बसतो आणि वजन खांद्यावरून उतरतं. एका मुक्कामाच्या ट्रेकला 40 लिटरच्या वर सॅक मागणाऱ्याला मी आत काय भरणार ते विचारतो. बहुतेकदा त्यात एक जीन्स असते. जीन्स भिजली की जड होते, मांडीला घासते आणि पावसाळी मुक्कामात सकाळपर्यंत वाळत नाही.

कपडे विकायला लागल्यावर दुकानातला पहिला प्रश्न ठरला: कुठे आणि कोणत्या महिन्यात? सह्याद्रीत याच दोन गोष्टींवर सगळं अवलंबून. महागड्या ‘श्वास घेणाऱ्या’ जॅकेटचंच बघा. आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत भंडारदऱ्याकडे ढगातच चालायचं असतं, तिथे ते जॅकेट घालूनही माणूस घामाने आतून ओलाच. म्हणून पावसाळ्यासाठी मी साधं टेप मारलेलं जॅकेट, आत पॉलिस्टरचा टीशर्ट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा जोड सुचवतो. जॅकेटमागे माझा नफा कमी होतो, पण ग्राहक परत येतो. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, रानातल्या वाटेला झकास, सॅकही झाकतो. हरिहरच्या खोदीव पायऱ्यांवर मात्र नको. वारा तो वर उडवतो आणि पाय कुठे ठेवतोय ते दिसत नाही. मे महिन्यात उलट. तेव्हा सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा, कारवीच्या काटक्यांनाही पुरतो आणि उन्हालाही.

बुटांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. माळ्यावर ठेवलेले बूट दोन-तीन वर्षांनी बाहेर काढून थेट गडावर नेऊ नका. अनेक बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, तो दमट हवेत न वापरताही आतून कुजतो, आणि घसाऱ्यावर अख्खा तळवा सुटून हातात येतो. अंगठ्याने दाबून बघा, भुगा पडला की समजा. आमच्याकडे म्हणूनच बुटांचा साठा थोडा असतो. पडून राहिलेला माल स्वस्तात काढायचा नाही, असं घरात ठरलंय.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी आम्ही भाड्याने सामान ठेवलं. आयुष्यात एकदा वापरायच्या डाउन (पिसं भरलेल्या) जॅकेटला कुणी एवढे पैसे का घालावेत? स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं छापलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’ वाचायचं. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोपेशी त्याचा संबंध नाही. जाहिरातीत नेमका तोच मोठ्या अक्षरात असतो.

2020 च्या टाळेबंदीत गड बंद झाले आणि सॅकचं काम थांबलं. शेतकऱ्याला ताडपत्री लागतच होती, तिच्यावर घर आणि कारागिरांचे पगार चालले. नंतर ट्रेकची जी लाट आली ती अजून ओसरलेली नाही. ऑनलाइनवर आमच्यापेक्षा स्वस्त सॅक मिळते, मिळू दे. तिची चेन गेली की ती येते आमच्याकडेच, आणि आम्ही ती तोंड वाकडं न करता बसवून देतो.

एकाच कामाला आम्ही नाही म्हणतो. हार्नेस, स्लिंग, दोर, ज्यावर माणूस लटकणार त्या वस्तूला आमची सुई लागत नाही. मग तो कितीही जुना ग्राहक असो.

सध्या आखूड पाठीच्या, म्हणजे मुख्यतः मुलींना बसेल अशा सॅकचा नमुना चालू आहे. खांद्याचे पट्टे जवळ आणि वळणदार करून बघतोय. दुरुस्तीची कामं मात्र मे संपायच्या आत आणा. आणि आणताना सॅक रिकामी करून, झटकून आणा; कप्प्यात मागच्या ट्रेकची चिक्की राहिली की आमच्या टेबलावर आधी मुंग्या येतात.