मिनेसोटातला हिवाळा आणि झरझरणारी गिटार

इथल्या थंडीची चौकशी करताना भारतातले सगळे फक्त तापमान विचारतात. उणे वीस-पंचवीस होतं, खरंय. पण मिनिआपोलिसमध्ये घरातल्या लाकडाला छळतो तो कोरडेपणा. बाहेरची हवा आत येऊन फर्नेसने तापली की खोलीतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास घसरते. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो आणि गिटारच्या नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, कडेने बोट फिरवलं तर त्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं बोचतात. लाकूड आक्रसतं, फ्रेटचा धातू आहे तेवढाच राहतो. गिटारला मानवते ती ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. तेवढी जानेवारीत ह्युमिडिफायर लावल्याशिवाय मिळत नाही.

अशा दिवसांत कुणी तारा बदलल्या की मला फोन येतो. दुकानात सेटअप, म्हणजे नेक-ब्रिज-तारांची जुळणी, करून घ्यायचा तर सहज ७०-८० डॉलर जातात, त्यामुळे आमच्या मराठी गोतावळ्यात गिटार उघडून बसणारा काका म्हणून माझी ख्याती आहे. परवा नाशिकचा एक मुलगा आला, इथे एमएस करतोय. जुनी स्ट्रॅटोकास्टर (इलेक्ट्रिक गिटारचं एक मॉडेल) घेतलेली, आणि नव्या तारा लावल्यापासून जिकडे बोट ठेवावं तिकडे झर्र.

“काका, तारांचा सेटच खराब निघालाय. परत करू का?”

“आधी कुठल्या होत्या?”

“दहाच्या. बोटं फार दुखायची म्हणून नऊच्या घेतल्या.”

इथेच अर्धं उत्तर मिळालं. दहाच्या सेटमधली सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची, नऊच्यातली ०.००९ ची. हाताला फरक जाणवतो तो एवढाच. पण साडेपंचवीस इंची स्केलवर (तारेची वाजणारी लांबी), नेहमीच्या ट्यूनिंगला, दहाच्या सहा तारा मिळून नेकला जवळपास ४७ किलोने ओढतात आणि नऊच्या ३८-३९ किलोने. नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते, ती उलट बाजूने ताण देते. अशा रस्सीखेचीत एका बाजूची आठ-नऊ किलोंची ओढ गेली की नेकला हवा असलेला हलकासा पुढचा बाक जाऊन तो सरळ होतो, कधी मागे झुकतो, आणि तारा पहिल्या चार-पाच फ्रेटना घासायला लागतात. त्यात हिवाळ्यात फ्रेटबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आक्रसलेला असला तर नेक बहुधा त्याच दिशेने आणखी सरकतो.

स्ट्रॅटोकास्टरला दुसरंही एक दुखणं आहे. तिचा ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारा अडकवलेला भाग, तरंगता ठेवलेला असेल तर पुढून तारा ओढतात आणि मागच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा त्यांना तोलून धरतात. तारा हलक्या झाल्या की स्प्रिंगांची सरशी होते, ब्रिज मागे बसतो आणि सगळ्या तारा एकदम खाली येतात. ह्याच्या ब्रिजची मागची कड बॉडीवर चक्क टेकली होती.

पाना उचलायच्या आधी मी नुसतं ऐकतो. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, कंटाळा आला तरी. मोकळी तारच झरझरत असेल तर नटची, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच खोल गेलेली असू शकते, किंवा खुंटीवर तारेचे वेढे इतके कमी असतात की ती नटवर घट्ट बसतच नाही. सुरुवातीच्या फ्रेटवर आवाज येत असेल तर नेक बघायचा. बाराव्याच्या पुढे येत असेल तर आधी सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची) उंची. एकाच जागी येत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला असतो, तिथे घासकाम येतं आणि ते मी करत नाही, सरळ दुकानात पाठवतो. आणि कितीदा तरी आवाज फ्रेटचा नसतोच! खुंटी आवळणारा बोल्टचा नट सैल असतो नाहीतर सॅडलचा एखादा स्क्रू.

क्रम मात्र पाळायचा. आधी ब्रिज: मागच्या कप्प्यातल्या क्लॉचे, म्हणजे स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे, दोन स्क्रू थोडे सैल केले, पुन्हा ट्यून केलं, कड साधारण तीन मिलिमीटर उचलली. मग नेक. पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), सतराव्यावर बोट, आणि आठव्या फ्रेटशी तारेखाली किती फट उरते ते बघायचं. पाव मिलिमीटर हवी. स्कूटरच्या प्लगचा गॅप बघायला आपल्याकडे गॅरेजवाले जो फीलर गेज वापरतात, तोच इथे चालतो. ह्याच्या गिटारला फटच नव्हती. रॉड डावीकडे, घड्याळाच्या उलट, म्हणजे सैल, पाव फेऱ्याहून कमी फिरवला, पुन्हा ट्यून केलं आणि आम्ही चहा टाकला. लाकडाला वेळ द्यावा लागतो. घाईत अजून एक पिळा देणारे नंतर रडतात. चहानंतर खालच्या दोन तारांचे सॅडल जरासे वर घेतले आणि शेवटी इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर बरोबर लागतात का, ते तपासलं.

गंमत म्हणजे जो आवाज घालवायला आम्ही ही खटपट करत होतो, तोच मिरजेचे कारागीर तंबोऱ्यात मुद्दाम आणतात. घोडीला हलकासा बाक देतात, तार तिला घासत थरथरते, खाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा पकडतात. तीच जवारी. तिथे तार कुठे घासायची हे कारागीर ठरवतो, इथे ती वाटेल तिथे घासते. मुलाच्या आईकडे मिरजेचा तंबोरा आहे, त्यामुळे त्याला हे लगेच कळलं.

थोडी झरझर शेवटी राहिलीच, जाड तारेवर, जोरात वाजवलं की. मग गिटार अँपला (अँप्लिफायरला) जोडली. अँपमधून ती झरझर काहीच ऐकू आली नाही, तेव्हा तो विषय मी तिथेच संपवला. इलेक्ट्रिक गिटार अँपशिवाय वाजवून तिच्यात खोट काढत बसण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तारा खाली ठेवून हलक्या बोटाने वाजवायच्या की वर ठेवून ठोकायच्या, हे ज्याने त्याने ठरवावं. दोन्ही एकदम मिळत नाही.

जूनमध्ये इथे चांगलाच दमट उकाडा असतो, तेव्हा तारा उंच वाटायला लागतील. गिटार घेऊन ये म्हणून त्याला सांगून ठेवलंय. तोवर बोटांना घट्टे पडले तर त्याला पुन्हा दहाच्या लावायच्यात. मग रॉड आणि क्लॉ दोन्ही उलट फिरवायचे, आणि पाना ह्या वेळी त्याच्या हातात.