हात दाखवून अवलक्षण

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यात मी अ‍ॅलर्जीच्या टेस्ट करते. मागच्या फेब्रुवारीत सहा वर्षांचा एक मुलगा आला. सोबत आई-वडील आणि खास दिंडोरीहून आलेली आजी. उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका, नाक कायम वाहतं.

आजींनी खुर्चीत टेकायच्या आधीच निकाल देऊन टाकला. "टेस्ट कशाला ताई? ही दिवसातून तीनदा फिनेलनं फरशी पुसती. पोराला मातीला हात लावू देत नाही. आमच्या मळ्यात पोरं शेणामातीत लोळून मोठी झाली, शिंक माहीत नाही कोनाला."

सूनबाई पर्सच्या चेनशी चाळा करत गप्प.

आजींचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. 1989 मध्ये स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने सतरा हजारांवर मुलांची माहिती चाळली, तेव्हा जितकी मोठी भावंडं जास्त, तितकी परागकणांची सर्दी कमी दिसली. भावंडांकडून लागणारे बारीकसारीक संसर्ग पुढे कामी येत असावेत, असा त्यांचा कयास. आमचे डॉक्टर तर अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांबद्दल दर आठवड्याला कुणाला तरी सांगत असतात. वंशानं जवळचे, राहणीही बरीचशी सारखी. पण आमिशांची गुरं घराजवळ आणि पोरं लहानपणापासून गोठ्यात, हटराइटांची शेती यंत्रांवर आणि गोठे वस्तीपासून लांब. मुलांमधला दमा आमिशांत सुमारे 5 टक्के, हटराइटांत 21. ही माहिती खरी आहे. फक्त ती सुनेला टोचायला वापरली की मला राग येतो.

पोरगा हात पुढे करेना. "आधी पप्पांना." वडीलही सकाळी शिंकायचे, त्यामुळे डॉक्टरांनी लगेच होकार दिला. सर्दीची गोळी दोघांनीही आठवडाभर घेतलेली नव्हती, हे विचारून घेतलं. हातावर पेनाने आकडे घातले, प्रत्येकापाशी एकेक थेंब, त्यातून लॅन्सेटची, म्हणजे बारीक सुईची, हलकी टोच. तुलनेसाठी एक थेंब साध्या सलाईनचा, ज्याने काही उठू नये, एक हिस्टामिनचा, ज्याने उठायलाच हवं, बाकी धुळीतले माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, झुरळ, बुरशी, गाजरगवत. मग पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. खरी परीक्षा तीच.

मुलाच्या हातावर माइटपाशी चार मिलिमीटरची गांधी उठली. वडिलांच्या हातावर त्याच जागी नऊची, कडेला लालभडक. गोठ्यात वाढलेला आजींचा मुलगा तो हाच.

"हात दाखवून अवलक्षण," ते ओशाळं हसले. सूनबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

डॉक्टरांनी आजींना समजावलं. गोठ्यामुळे शक्यता कमी होते, कवच मिळत नाही. आईबापाला अ‍ॅलर्जी असली की मुलाला व्हायची शक्यता वाढतेच. शिवाय गोठ्याचा फायदा पहिल्या एक-दोन वर्षांतला. सहाव्या वर्षी शेणात लोळवून ही सर्दी जाणार नाही. धारोष्ण दुधाचा विषय आजी काढणार, एवढ्यात डॉक्टरांनी हात वर केला, "दूध उकळूनच." सुनेलाही सांगितलं, फिनेल कमी करा, त्या वासानेही नाक चिडतं, त्यापेक्षा चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा.

आजी मुलाच्या हाताकडे नाही, वडिलांच्या हाताकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "धारा काढायला माझ्यासंगं यायचा ना पहाटे, तवा शिंकायचा हा. मला वाटायचं, गारठ्यानं."