तुम्हीच करणार ना?

राउंडला पेशंटनी बाकी काही विचारलं नाही तरी हे विचारतातच: "मॅडम, ऑपरेशन तुम्हीच करणार ना? त्या पोरांवर नाही ना सोडणार?"

मी खोटं सांगत नाही. मी हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून टेबलाच्या पलीकडे उभी असेन. पण कात्री बराच वेळ रेसिडेंटच्या, म्हणजे सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरच्या हातात असेल, आणि वेळ जास्त लागेल.

किती जास्त? जांघेतल्या हर्नियाला जाळी बसवायला मला चाळीसेक मिनिटं लागतात. परवा दुसऱ्या वर्षाला असलेल्या रेसिडेंट मुलीला दीड तास लागला. वरचं चिवट आवरण कापलं की आत एक बारीकशी नस असते, रक्ताची नव्हे, संवेदनेची, पांढऱ्या दोऱ्यासारखी. ती टाक्यात अडकली तर माणसाला पुढची कित्येक वर्षं जांघेत कळा येऊ शकतात. मला ती कधीचीच दिसत होती. तिला दिसत नव्हती. माझा हात दोनदा पुढे गेला, दोनदा मी मागे घेतला. "घाई नाही, शोध." शेवटी तिने चिमट्याने ती अलगद बाजूला केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग जाळीचा पहिला टाका. जाळी हाडाच्या उंचवट्यापुढे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जायला हवी, नाहीतर हर्निया तिथूनच परत डोकावतो. तिची जाळी तोकडी पडत होती. टाका काढायला लावला, पुन्हा घातला. डोक्याशी उभे असलेले भूलतज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, स्पायनल आहे, लक्षात आहे ना?" कमरेतून दिलेली ही भूल ठरावीक वेळच टिकते, ते लक्षात होतं. हात थरथरला असता, रक्त थांबलं नसतं, तर कात्री त्याच क्षणी मी घेतली असती. ते मी नेहमीच करते.

या वेळेची किंमत अमेरिकेत मोजली गेली आहे. टेनेसीमधल्या नॉक्सव्हिल इथल्या सर्जननी 1993 ते 1997 मधल्या चौदा हजारांहून जास्त शस्त्रक्रिया तपासल्या. रेसिडेंट सोबत असताना जाणारा जादा वेळ पैशात मांडला, तर एक सर्जन तयार होईपर्यंत सुमारे 48 हजार डॉलर होतात, असं त्यांनी 1999 मध्ये लिहिलं.

आमच्याकडे हा खर्च पैशात दिसतच नाही. तो दिसतो दिवसाच्या ऑपरेशनच्या लिस्टवरच्या चौथ्या पेशंटच्या चेहऱ्यावर. रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही, हिरवा गाऊन घालून बाकावर बसलेला, बायकोची मजुरी बुडलेली. अडीच वाजता वॉर्डबॉय मामा येऊन सांगतो, आज नाही होणार. मला हे फार लागतं. कारण एमएसच्या, म्हणजे सर्जन होण्याच्या शिक्षणाच्या तीन वर्षांत जी मुलं इथे शिकतात, ती उद्या सगळ्यांचीच ऑपरेशनं करणार, एसी खोलीत राहणाऱ्यांचीसुद्धा. शिकवण्याचा वेळ मात्र बहुतेक गरिबाच्याच दिवसातून कापला जातो. गाठी पलंगाच्या दांडीवर, लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा हात खोक्यातल्या सरावावर आधी बसायलाच हवा, ते आम्ही करून घेतो. पण माणसाच्या पोटातली नस खोक्यात सापडत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की लिस्ट लावतानाच शिकवण्याचा वेळ धरा. चार केसेस लावून एकाला उपाशी परत पाठवण्यापेक्षा तीनच लावा. हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलते. अजून चारच लागतात.

परवाही चौथा राहिला. निरोप मामाकडून न पाठवता मी स्वतः गेले, त्या मुलीला बरोबर घेऊन. का राहिला ते सांगितलं. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "ह्याच मॅडम शिकत होत्या का?" तिने मान हलवली.

"जमलं का?"

"जमलं, काका."

"मग आता जेवू का मी?"

"जेवा. उद्या पहिला नंबर तुमचा."