मेमरी कार्ड आहे का?

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कॉलेजचे आम्ही चौघे जवळपास वर्षभराने एकत्र बसलो होतो. नोकऱ्या, घराचे हप्ते, कोणाचा तरी वाढलेला रक्तदाब हे सगळे दहा मिनिटांत उरकले आणि बोलणे नेहमीप्रमाणे व्हिडिओ गेम्सवर आले. तेव्हा पार्ल्याचा मित्र अगदी साध्या आवाजात म्हणाला, “तू सांगितलेला सेकिरो सोडला मी. आता आपल्या हातात ते राहिलं नाही रे.” बाकीचे दोघे पुढच्या विषयाकडे वळले, पण मुलुंड येईपर्यंत ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण चूक त्याच्या हातांची नव्हती, माझ्या शिफारशीची होती.

मी त्याला काय सांगितले होते ते मला नीट आठवते. २०१९ सालचा द गेम अवॉर्ड्सचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार सेकिरोला मिळाला हे सांगितले, जुन्या जपानमधला तो बर्फाळ किल्ला सांगितला, आणि शत्रूचा वार नेमक्या क्षणी तलवारीवर झेलला की जो खणखणीत आवाज होतो त्याचे वर्णन तर मी हातवारे करून केले होते. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. मात्र या गेममध्ये ‘सोपे’ किंवा ‘अवघड’ असे निवडण्याची सोयच नाही, एकाच शत्रूपाशी मी स्वतः सलग चार संध्याकाळी अडकलो होतो, आणि त्या संध्याकाळी मला मिळाल्या त्या २०२० च्या टाळेबंदीमुळे, हे मी त्याला सांगितले नव्हते. आज खोदून विचारल्यावर कळले की तो रात्री साडेदहानंतर, सहा वर्षांची मुलगी झोपल्यावर, जेमतेम पाऊण तास खेळतो. तो लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळत होता आणि मुलगी त्याच खोलीत झोपत असल्यामुळे आवाज पूर्ण बंद ठेवत होता. ती उठली तर कळायला हवे म्हणून हेडफोनही लावत नव्हता. ज्या आवाजाची मी एवढी स्तुती केली, तो त्याने एकदाही ऐकला नव्हता. गेम त्याने स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला होता. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम तिथे परत करता येतो, पण त्याचे दोन तास तर पहिल्याच मोठ्या शत्रूपुढे संपले होते.

गाडीत बसल्या बसल्या मला लॅमिंग्टन रोडवरचा एक दुकानदार आठवला. त्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन कित्येक वर्षे झाली, पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरून आम्ही जायचो ते लॅमिंग्टन रोडलाच. दहावीत असताना गेमची जुनी डिस्क देऊन वर थोडे पैसे भरून दुसरी आणायची, हा आमचा महिन्याचा कार्यक्रम होता. मी कौतुकाने एखाद्या लांबलचक कथेच्या गेमकडे बोट दाखवले की काउंटरमागचे काका पहिला प्रश्न विचारायचे, “मेमरी कार्ड आहे का?” आमच्या प्लेस्टेशन टू या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रात खेळ जिथे थांबवला तिथून पुन्हा सुरू करायचा तर आठ मेगाबाइटचे ते छोटे कार्ड लागायचे, आणि ते वेगळे विकत घ्यावे लागे. कार्ड नसेल तर तीस तासांची कथा रोज पहिल्या पानापासून सुरू करावी लागणार, हे पंधरा वर्षांच्या मुलाला सुचत नाही. मग ते विचारायचे, घरी कोण कोण खेळते, रिमोट एक आहे की दोन. (कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो.) एवढे विचारून ते बहुधा ‘टेकन’सारखा लढाईचा किंवा गाड्यांच्या शर्यतीचा गेम हातात ठेवायचे, जो तासाभरात भावाबरोबर खेळून बंद करता येईल. त्यांनी स्वतः त्यातला एकही गेम खेळला असेल असे मला वाटत नाही, पण त्यांनी दिलेली डिस्क आम्हाला कधी लवकर परत न्यावी लागली नाही.

अशीच एक शिफारस गेल्या दिवाळीत माझ्या वाट्याला आली. भाच्याने ‘आउटर वाइल्ड्स’ सुचवला, तोही २०१९ चाच. सुचवण्याआधी त्याने दोन गोष्टी विचारल्या. मला सलग दोन तास मिळतात का, आणि बोटीत मला मळमळते का? कारण त्यात छोट्या यानातून अंतराळात गरगरत उडावे लागते आणि काही जणांना तो त्रास होतो. मग म्हणाला, “मामा, याबद्दल काही वाचू नकोस, व्हिडिओ बघू नकोस. अडकलास तर मला फोन कर. उत्तर नाही सांगणार, पण कुठे बघायचं ते सांगेन.” या गेममध्ये मारायला शत्रू नाहीत, गुण नाहीत, नवी शस्त्रे मिळत नाहीत. तुम्ही पुढे जाता ते केवळ तुम्हाला जे कळले त्याच्या बळावर, आणि म्हणूनच एकदा सगळे कळल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा खेळता येत नाही. अशा गेमचे कौतुक करणे म्हणजे समोरच्याच्या वाटणीचा आनंद आधीच खर्च करून टाकणे. एकविसाव्या वर्षी त्या मुलाने ते ओळखले, तीन आठवडे माझे फोन घेतले आणि प्रत्येक वेळी जिभेवर आलेले उत्तर गिळले. मी स्वतः असा संयम आजवर कोणासाठी पाळलेला नाही.

“आपल्या हातात ते राहिलं नाही” हे मात्र मला अजिबात मान्य नाही. लहानपणी ‘कॉन्ट्रा’ या गेममध्ये तीस जीव मिळवण्यासाठी वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे असे जे बटणांचे गुपित चाळीत एकमेकांच्या कानात सांगितले जायचे, ते मुळात गेम बनवणारे काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ या दुसऱ्या गेमसाठी घातले होते, कारण तपासणी करताना तो गेम त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. बनवणाऱ्याला जिथे आधार लागला, तिथे दिवसभर काम करून आलेल्या बापाने लाजण्याचे कारण नाही.

घरी पोचल्यावर मी मित्राला ‘सेलेस्ट’बद्दल लिहायला घेतले. तो २०१८ चा आहे, तुकडे लहान आहेत, हरलो की त्याच पडद्यावर लगेच पुन्हा सुरू होतो, आणि असिस्ट मोड या मदतीच्या सोयीत खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. पाठवण्याआधी मी थांबलो, लिहिलेले पुसले आणि फक्त विचारले की त्याला आता खेळताना नेमके काय हवे आहे. थोड्या वेळाने उत्तर आले, “रात्रीचं राहू दे. रविवारी लेक शेजारी बसून बघेल असं काही आहे का?” हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. तिच्यासाठी ‘अ शॉर्ट हाइक’ बरा वाटतो. एक लहानशी पक्षीण डोंगर चढते, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलते, पंख पसरून खाली तरंगत येते, आणि सगळे एका दुपारी संपते. उद्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक बघून दादरमार्गे पार्ल्याला जाईन. माझा कंट्रोलर चार्जिंगला लावला आहे.